ताटातील धान्याचा हिशेब



पुण्याच्या पेठांमधील व्यापारी घरात कोणाला मधुमेह निघाला की पहिली गोष्ट बंद होते ती चहातील साखर. पाठोपाठ मिठाईचा डबा वरच्या फळीवर जातो आणि पथ्य सुरू झाले, असा घरातील सर्वांचा समज होतो. सहा महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी होते, तेव्हा आकडा फारसा हललेला नसतो. रुग्ण खिन्न होऊन विचारतो, "गोड तर सोडले, मग साखर येते कोठून?" या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरातील पिठाच्या डब्यात आहे. आजच्या भाषणाचा विषय तोच होय.

गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, पोहे, साबुदाणा या सर्वांचा मुख्य घटक पिष्ट हा आहे. पिष्टाचे पचन झाल्यावर त्याचे ग्लुकोज होते आणि तेच रक्तात साखर म्हणून मोजले जाते. जिभेला गोड लागणे आणि रक्तात साखर वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात, तांदळात त्याहून थोडी अधिक, तर उपवासाचा म्हणून सात्त्विक मानला गेलेला साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टच असतो.

वहीखाते लिहिणाऱ्या समाजाला हा विषय जमाखर्चाच्या भाषेत लवकर उमगेल. दिवसाकाठी चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर पोटात जाणारी साखर ३५ ते ४० ग्रॅम होते. आता उरलेल्या दिवसाची नोंद करावी. सकाळी दोन खाखरे व बशीभर पोहे यांतून ५५ ते ६० ग्रॅम कर्बोदके. दुपारी चार फुलके, वाटीभर भात आणि वरण यांचे सव्वाशे ग्रॅमच्या पुढे. दुपारी चारच्या सुमारास दुकानात पुडी फुटते, त्या कुरमुरे-फरसाणाचे वीस ग्रॅम. सायंकाळी चौविहारापूर्वी घाईघाईने तीन-चार फुलके आणि खिचडी, म्हणजे आणखी शंभर ग्रॅम. एकूण बेरीज तीनशे ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे पथ्याच्या नावाखाली ज्या खात्यावर बंदी घातली ते चाळीस ग्रॅमचे, आणि ज्या खात्याकडे कोणी पाहिलेच नाही ते तीनशे ग्रॅमचे.

ही केवळ एका समाजाची रीत नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा आहे. याच पाहणीच्या २०२३ सालच्या अहवालात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख इतकी अंदाजण्यात आली होती.

येथे एक शंका हमखास येते. पूर्वज तर याहून अधिक भाकरी खात होते, त्यांना हा विकार का जडला नाही? शिवाय समाजातील कित्येक मधुमेही अंगाने सडपातळ असतात, त्यांचे काय? या शंकेचे उत्तर शोधण्याचे मोठे कार्य पुण्यातच, रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात झाले आहे, ही या शहराला भूषणावह गोष्ट आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापले गेले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय) तंतोतंत सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर समान असणारी दोन माणसे आतून किती भिन्न असू शकतात, हे एका छायाचित्राने साऱ्या जगाला दाखविले.

डॉ. याज्ञिक यांनी याला 'बारीक तरी चरबीयुक्त' भारतीय असे म्हटले आणि त्याचे मूळ थेट गर्भावस्थेपर्यंत नेले. १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली असता, येथील बालकांचे सरासरी वजन २.७ किलो तर तेथील ३.५ किलो भरले. येथील बालके लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, मात्र त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायू हे शरीरातील ग्लुकोजचे मुख्य गोदाम होय. गोदाम मुळातच लहान असेल आणि माल मात्र रोज तीनशे ग्रॅम उतरत असेल, तर तो यकृतात व पोटाभोवती चरबीच्या रूपाने साठू लागतो. कालांतराने इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि रक्तातील साखर चढते. शेतात राबणाऱ्या वा पाठीवर गाठोडे घेऊन बाजार करणाऱ्या पूर्वजांचे स्नायू दिवसभर चालत असत. त्यांची नातवंडे गादीवर बसून कापडाचे तागे नोकराकडून उलगडून घेतात. फरक तेथे पडला.

म्हणूनच भारतीयांसाठी वजनाची मर्यादा निराळी धरली जाते. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन अधिक आणि २५ च्या पुढे स्थूलता. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांपुढे जाऊ नये. कापडाच्या व्यवहारात मोजपट्टी हाताशी असतेच. ती महिन्यातून एकदा स्वतःच्या कंबरेलाही लावण्यास हरकत नाही.

धान्य कमी करून स्थूलता घटविण्याचा विचार नवा नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांत बैठे सुख, निद्रासुख, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केलेली आहे. युरोपात विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या व्यावसायिकाने पाव, साखर, बटाटे वर्ज्य करून वर्षभरात सुमारे २१ किलो वजन उतरविले आणि १८६३ साली त्याची पुस्तिका काढली. मात्र त्याचा आहार मांसाचा होता. आजही कमी कर्बोदकांच्या आहाराचे जे तक्ते हाती पडतात, ते बहुतेक अंडी व मांस यांवर उभारलेले असतात. जैन घराला त्यांचा उपयोग शून्य. ते वाचून "हे पथ्य आपल्यासाठी नाही" असे म्हणून लोक पुन्हा फुलक्यांच्या चळतीकडे वळतात, हे अधिक घातक.

वस्तुतः तितक्या टोकाला जाण्याची आवश्यकताही नाही. आयसीएमआरच्या पाहणीतील १८ हजारांहून अधिक व्यक्तींच्या आहाराच्या माहितीवरून चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन व डॉ. आर. एम. अंजना यांच्या संशोधक गटाने २०२२ साली गणित मांडले. मधुमेह मागे हटविण्यासाठी एकूण ऊर्जेत कर्बोदके ४९ ते ५४ टक्के, प्रथिने १९ ते २० टक्के आणि स्निग्ध पदार्थ २१ ते २६ टक्के असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे धान्य हद्दपार करावयाचे नसून त्याच्या वाट्यातील दहा-बारा टक्के काढून प्रथिनांकडे वळवावयाचे आहेत. वजन पुरेसे उतरले तर मधुमेह खरोखर मागे हटू शकतो, हे ब्रिटनमधील प्राध्यापक रॉय टेलर व माइक लीन यांच्या प्रयोगाने दाखविले. अल्प उष्मांकाच्या आहारावर ठेवलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के एका वर्षाअखेर औषधांविना मधुमेहमुक्त पातळीवर आले, आणि ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी मात्र एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला, हेही सांगितले पाहिजे. उतरलेले वजन टिकविणे हे उतरविण्याहून कठीण आहे.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोहोचविण्याचे श्रेय डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना द्यावे लागेल. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून प्रेरणा घेऊन त्यांनी दिवसातून दोनच वेळा, ५५ मिनिटांच्या आत जेवावे, असा मार्ग लोकांपुढे ठेवला. २०१८ च्या सुमारास दर दोन तासांनी खावे की दोनदाच खावे, यावरून वृत्तपत्रांत आणि लग्नाच्या पंगतींत जो वाद रंगला तो अनेकांना स्मरत असेल. त्या वादात एक गंमत अशी की जैन श्रावकाला दोन वेळेच्या भोजनाची ही कल्पना मुळीच अपरिचित नव्हती. बियासणा म्हणजे दुसरे काय? उणोदरी, एकासणा, सूर्यास्तापूर्वीचे भोजन हे सर्व त्याच वाटेवरचे टप्पे. त्यांचा हेतू कर्मनिर्जरेचा, साखरेचा नव्हे, हे खरे. तरीही शरीराला त्याचा लाभ होतो. अमेरिकेतील अलाबामा येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांवर केलेला एक छोटा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. दिवसाचे शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत आटोपल्यास, वजन न घटताही, पाच आठवड्यांत इन्शुलिनचा प्रभाव सुधारला असे त्यात आढळले.

मग प्रश्न असा की चौविहार पाळणाऱ्या, बियासणे करणाऱ्या घरांतही मधुमेह का आढळतो? वेळेचे बंधन पाळले जाते, परंतु ताटात काय पडते याचा विचार होत नाही, हे त्याचे कारण होय. आयंबिलाचे उदाहरण घ्यावे. चैत्र व आश्विन महिन्यांतील ओळीचे नऊ दिवस तेल, तूप, दूध, दही, साखर, हिरवी भाजी सर्व वर्ज्य. उरते ते धान्य आणि कडधान्य. रसनेवर विजय मिळविण्याचे साधन म्हणून आयंबिल थोर आहे, पण इडली, भात, रोटी यांवर काढलेले नऊ दिवस मधुमेह्याच्या रक्तात काय करतात, ते तपासून पाहिल्यावरच कळते. त्यातही मुगाची डाळ, मूग, चणे यांचा वाटा वाढवून भात-इडलीचा वाटा आवरता येतो. नियम तोच राहतो, हिशेब बदलतो.

तिथीच्या दिवसांचे असेच आहे. महिन्यातील पाच वा दहा तिथींना आणि कित्येक घरांत संपूर्ण चातुर्मासात हिरवी भाजी नसते. भाजी गेली की तिची जागा दालढोकळी, खिचडी, पापड घेतात. त्या दिवशी पनीर, मुगाच्या डाळीचे चिल्ले, भिजविलेल्या मेथीदाण्यांची भाजी, शेंगदाणे व तीळ यांच्या चटण्या यांनी ताट भरावे. कंदमूळ वर्ज्य असल्याने बटाटा व रताळे आपोआप टळतात, ही मोठीच जमेची बाजू. परंतु तीही गृहिणींच्या कल्पकतेपुढे टिकत नाही. जैन पावभाजीत, समोशात, कटलेटमध्ये बटाट्याऐवजी कच्चे केळे येते, आणि पिष्टाच्या बाबतीत कच्चे केळे बटाट्याला हार जाणारे नाही!

आणखी एक भ्रम ज्वारीचा. गहू सोडून ज्वारी धरली की झाले, असे अनेकांना वाटते. ज्वारीच्या पिठातही कर्बोदके गव्हाइतकीच असतात. ती काहीशी सावकाश पचते, इतकाच लाभ. परंतु एका भाकरीला दोन फुलक्यांचे पीठ लागते, हे हिशेबात धरले जात नाही. दोन फुलक्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाणारा मनुष्य पथ्य पाळीत नसून दुप्पट धान्य खात असतो.

ताटाची मांडणी तशी अवघड नाही. अर्धे ताट दुधी, दोडका, पडवळ, कारली, भेंडी, गवार, तोंडली, कोबी यांच्या भाज्या व काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. पाव ताट घट्ट वरण, मूग, चवळी वा पनीर. उरलेल्या पाव ताटात दोन फुलके किंवा एक भाकरी किंवा वाटीभर भात. यातील 'किंवा' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवसाचे आठ फुलके चारवर आणले आणि सायंकाळची खिचडी सोडली, तर तेवढ्यानेच शंभर ग्रॅमहून अधिक कर्बोदके कमी होतात. मोड आलेली कडधान्ये ज्यांना वर्ज्य आहेत त्यांनी ती न मोडता शिजवावीत. द्विदलाचा दोष टाळण्यासाठी कडधान्याबरोबर घ्यावयाचे दही-ताक आधी गरम करून घेण्याची रीत घराघरात आहेच. खाण्याचा क्रमही परिणाम करतो. आधी भाजी व प्रथिने आणि शेवटी धान्य खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे न्यूयॉर्कच्या संशोधकांना २०१५ साली आढळले. तुपाविषयी मात्र सावध राहावे. धान्य कमी करण्यास सांगितले म्हणून वाटीने तूप घेण्याची जी एक लाट येऊन गेली, तिला वरील गणितात कोठेही आधार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय या व्यासपीठावर मांडणे अगत्याचे वाटले, तिच्याकडे वळू. धान्य कमी केले किंवा उपवास केला आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्शुलिन यांच्या बाबतीत हा धोका विशेष असतो, कारण पोट रिकामे आहे हे गोळीला कळत नाही. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हातपाय कापतात, भान हरपू लागते. त्या वेळी तीन चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून तत्काळ देणे हाच उपाय. परंतु रुग्णाने चौविहाराचे पच्चक्खाण घेतलेले असते, रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि घरातील माणसे साखर द्यावी की न द्यावी या संभ्रमात बसून राहतात. अशा प्रसंगी पाच मिनिटांचा विलंबही जिवावर बेततो. पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार सांगितलेले आहेत. तीव्र पीडेच्या प्रसंगी समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्यात आहे. यासंबंधी गुरुमहाराजांना आधीच विचारून ठेवावे आणि त्यांचे उत्तर घरातील सुनेला, नातवाला, सर्वांना माहीत असावे.

'फ्लोझिन' या शब्दाने नाव संपणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आदी गोळ्यांचा धोका निराळा आहे. त्या घेत असताना दीर्घ उपवास केला किंवा कर्बोदके अगदीच तोडली, तर साखर फारशी चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. मळमळ, उलटी, धाप ही त्याची लक्षणे. लोक ती तपस्येची अशक्तता समजतात आणि रुग्णालयात पोहोचण्यास उशीर होतो. म्हणून अठ्ठाई, वर्षीतप किंवा आहारातील मोठा बदल यांपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी औषधांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि कोणती गोळी किती कमी करावयाची, ते लिहून घ्यावे. पहिल्या प्रकारचा मधुमेह, गर्भारपण अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रयोग स्वतःच्या मनाने मुळीच करू नयेत. वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने होते. पेलाभर रसात तीसएक ग्रॅम साखर असते. मधुमेही तपस्व्याच्या हातून पारणे करविताना नातलगांच्या रांगेतील प्रत्येकाने घोट-घोट पाजण्याचा आग्रह धरला, तर तेरा महिन्यांची साधना करणाऱ्या त्या शरीरावर दोन तासांत मोठा भार पडतो. एक घोट प्रसादासारखा घेऊन पुढे मुगाचे पाणी द्यावे.

शाकाहारी मधुमेह्यांना आणखी एक तपासणी आवश्यक आहे, ती ब-१२ जीवनसत्त्वाची. डॉ. याज्ञिक यांच्याच गटाने पुणे परिसरातील पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या गोळीने ते आणखी घटते. पायांना मुंग्या येणे हे दरवेळी साखरेचेच लक्षण असते असे नाही. दूध-दह्याने ही तूट भरून निघेलच अशी खात्री नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणे उचित.

राहता राहिली स्वामीवात्सल्याची पंगत. पुरी, जिलेबी, मोहनथाळ, दालबाटी आणि वर वाढप्यांचा प्रेमळ आग्रह, यांपुढे वर्षभराचे पथ्य गळून पडते. संस्थेच्या भोजनशाळेला यात पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी खर्चही वाढत नाही. पहिल्या फेरीत दोन भाज्या, कोशिंबीर व घट्ट डाळ वाढावी आणि पुरी दुसऱ्या फेरीत आणावी. गोड एकच ठेवावे आणि ते मागणाऱ्यालाच वाढावे. ज्याने ताटावर हात आडवा धरला, त्याला पुन्हा विचारू नये, असे वाढपी मंडळींना सकाळीच सांगून ठेवावे.